नारदाची गादी

आकुर्डी,
गुरुवार

चि. ताईस,

तुझं पत्र पोचलं. बाईमाणसाने कीर्तनाला नारदाच्या गादीवर उभं राहू नये, अशी सप्ताह कमिटीत कुणी हरकत घेतली आणि कंपनीत लाइनवरची पोरं तुला ‘महाराज’ म्हणून चिडवतात. त्यांना काय उत्तर देऊ, असं विचारतेस. कीर्तन देवानेच गळ्यात घातलंय असं म्हटलं की लोक हसतात, असंही लिहितेस.

मग म्हणूच नकोस. ती गोष्ट कमिटीपुढे ठेवायची नाहीच.

तुकोबांना नामदेवरायांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन कवित्व करायला सांगितलं, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. तरी शूद्राच्या तोंडून वेदाचा अर्थ निघतो म्हणून वाघोलीच्या रामेश्वर भटांनी अभंग बुडवायला सांगितले, तेव्हा तुकोबा वाद घालत बसले नाहीत. वह्या इंद्रायणीत सोडल्या आणि काठावर तेरा दिवस अन्नपाण्यावाचून पडून राहिले. लिहिलं ते खोटं होतं, असं मात्र एकदाही म्हणाले नाहीत. भांडले ते विठ्ठलाशी. ज्याने काम दिलं त्यालाच जाब!

वह्या तरल्या, ते सगळे सांगतात. पुढचं कीर्तनात फारसं कुणी घेत नाही. वह्या वर आल्यावर तुकोबांनी देवापुढे अपराध कबूल केला, की जनांच्या बोलण्यापायी मी मन खवळून घेतलं आणि तुला कष्टवलं. जिंकल्यावर शरमणारा माणूस मला त्या तेरा दिवसांहून मोठा वाटतो. रामेश्वर भट पुढे त्यांचेच शिष्य झाले. तुकोबांची आरती त्यांच्याच नावावर आहे.

तू म्हणशील, मामा, ते पुरुष होते. बरं, बहिणाबाई घे. देवगाव रंगारीची ब्राह्मणाची लेक, तिने तुकोबांना, म्हणजे एका वाण्याला, गुरू केलं. नवऱ्याचा मार खाल्ला, देहूत मंबाजीचा जाच सोसला. तिने कुणाशी तंटा केला नाही. पण झालं ते नावानिशी आत्मचरित्राच्या अभंगांत उतरवून ठेवलं. सोसणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. कमिटीतल्या त्या गृहस्थांनी बहिणाबाई वाचली असेल, असं काही मला वाटत नाही.

एक मात्र सांगतो, रागावू नकोस. सिनेमाच्या चाली लावतेस आणि प्रमाणं अर्धवट सोडतेस, अशी एका बुवाची आणखी एक तक्रार तू ओझरती लिहिलीस. ती खरी आहे. मीही ऐकलंय. ‘टीकाकार’ म्हणून सगळ्यांना एकाच पोत्यात भरू नकोस. हा बुवा तुझ्या कामाचा आहे. त्याच्याकडे जा, पाया पड, पाठांतर तपासून घे. देवाने सांगितलेल्या कामाला तालीम लागत नाही, असं थोडंच आहे? तुकोबांनीही संतांची वचनं आधी पाठच केली होती. सुट्टीच्या दिवशी भामचंद्रावर जाऊन बस. तुझ्या कंपनीच्या गेटवरून तो डोंगर दिसतो. खाली एमआयडीसीचा आवाज असतो खरा, पण मोठ्याने म्हणायला तिथे लाज वाटणार नाही.

पोरांच्या चिडवण्याला काही उत्तर नको. महाराज म्हणतात ना, म्हणू देत.

मोशीच्या कीर्तनादिवशी सेकंड शिफ्ट बदलून घे आणि तळेगाव चौकातलं ट्रॅफिक धरूनच नीघ. पखवाजवाल्याचं मी बघतो. चाली तेवढ्या बदल.

तुझा,
मामा