पुराच्या वर, गावाच्या जरा बाहेर

सांगलीकरांच्या लेखी विश्रामबाग लांब, मिरज त्याहून लांब आणि कुपवाड म्हणजे परगाव. प्रत्यक्षात सांगली-मिरज अंतर जेमतेम १० किलोमीटर, आणि या दोघींच्या मधोमध, जरा उत्तरेला, रेल्वेच्या रुळापलीकडं कुपवाड. पुण्यातला माझा मावसभाऊ रोज हिंजवडीला जातो, एका बाजूला दीड तास. त्याला म्हटलं, आम्ही शहराबाहेर घर बघतोय, ऑफिसला पोचायला वीस मिनिटं लागतील, जमेल का कळत नाही. तो फोनवर इतका वेळ हसला की मला फोन कट झाल्यासारखं वाटलं.

*

खरं कारण पाणी.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. त्या वर्षी आकडा ५७ च्या वर गेला. गावभागात आमचं वडिलोपार्जित घर, तळमजला पूर्ण पाण्यात. आम्ही कुपवाडला बायकोच्या मामांकडं जाऊन राहिलो. तिथं गल्लीत पोरं क्रिकेट खेळत होती. पिठाची गिरणी चालू, केशकर्तनालय चालू. पाच-सहा किलोमीटरवर होड्या फिरत होत्या आणि इथं मामींनी विचारलं, ‘भाजी गवारीची करू का?’ त्या प्रश्नानं मला का कोण जाणे रडू आलं.

सांगलीचा पूर सांगलीच्या पावसाचा नसतो, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. पाऊस पडतो महाबळेश्वरला, कोयनेच्या आणि वारणेच्या खोऱ्यात. आपल्याकडं नुसती रिपरिप असते आणि पाणी पायऱ्या चढत येतं. त्यामुळं इथं जागा बघताना आभाळाकडं बघून काही कळत नाही, पायाखालच्या उंचीकडं बघावं लागतं. कुपवाड माळावर आहे. पूर्वी हे वैगुण्य होतं, नदीकाठची काळी रानं सोडून माळावर कोण जाईल?

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. ५४ च्या पुढं. गाळ काढून झाल्यावर आईच म्हणाली, ‘आता बास.’

*

एजंटचं पहिलं वाक्य: ‘सर, गावासारखं वातावरण आणि शहराच्या सगळ्या सोयी.’

दुसरं वाक्य: ‘डांबरी रस्ता दिवाळीनंतर होणार आहे.’

प्लॉटच्या पूर्वेला शाळूचं रान होतं. कणसं भरत आलेली, पाखरं राखायला एक म्हातारे बांधावर बसलेले. बायको हरखली. मी एजंटला विचारलं, हे रान असंच राहील ना? ‘राहील की सर,’ तो म्हणाला, ‘दुसरा फेज निघेपर्यंत.’

इतकं प्रामाणिक उत्तर पुढच्या आठ महिन्यांत मला कोणी दिलं नाही.

*

कुपवाड कागदोपत्री गाव नाही. ९ फेब्रुवारी १९९८ ला सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महानगरपालिका झाली, म्हणजे पाव शतकाहून जास्त काळ हे शहर आहे. तरी इथले लोक सांगलीला निघताना ‘गावात जाऊन येतो’ म्हणतात. आणि सांगलीचे लोक कुपवाडला ‘तिकडं कुपवाडात’ म्हणतात, सुरात जरासा कुत्सितपणा घालून. महापालिकेच्या नावात तिसरं नाव आहे एवढ्यावर कुपवाडनं बरीच वर्षं काढली. भुयारी गटारासाठी इथल्या लोकांनी किती निवेदनं दिली असतील, मोजदाद नाही.

हे लिहिताना लक्षात येतं की मला सुरुवातीला जे ‘ग्रामीण’ वाटलं त्यातलं निम्मं म्हणजे महापालिकेनं न केलेली कामं होती. उघडी गटार, कच्चा रस्ता, मधूनच मोकळा प्लॉट आणि त्यात बांधलेल्या म्हशी. दिवे कमी असल्यानं रात्री चांदण्या दिसतात. चांदण्या दिसाव्यात म्हणून कोणी पथदिवे अडवले नव्हते.

*

गुंठेवारी. या शब्दाशिवाय कुपवाडातल्या जागेबद्दल चार वाक्यं बोलता येत नाहीत.

गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. शेतकऱ्यानं आपलं रान फक्कीनं रेघा मारून दोन-दोन, तीन-तीन गुंठ्यांत विकायचं. मंजूर रेखांकन नाही, बिगरशेती (एन.ए.) आदेश नाही. रस्ता सोडायचा तो बैलगाडी किंवा ट्रॅक्टर जाईल इतका. शेतजमिनीचे तुकडे पाडायला १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची आडकाठी, म्हणून मग कुठं सातबाऱ्यावर आठ-दहा जणांची सामाईक नावं, कुठं नुसतं नोटरीसमोरचं साठेखत, कुठं वटमुखत्यारपत्र. असं करत अख्ख्या वसाहती उभ्या राहिल्या. शेवटी २००१ साली राज्याला गुंठेवारी नियमित करण्याचा वेगळा कायदाच करावा लागला. आधी १ जानेवारी २००१ पर्यंतच्या विभागणीला तो लागू होता, पुढं २०२१ मध्ये ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली.

मध्यमवर्गीय माणूस गुंठेवारीचं नाव काढलं की नाक मुरडतो. मीही मुरडायचो. पण कुपवाडच्या एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्या कामगाराला एन.ए. प्लॉट कधीच परवडला नसता. त्यानं दोन गुंठे घेतले, आधी पत्रा टाकला, मग चार भिंती, थोरल्याच्या लग्नाआधी स्लॅब. घरबांधणीची योजना म्हणतात ती इथं अशी झाली, सरकारच्या मदतीशिवाय आणि बरीचशी सरकारच्या नजरेआड.

आम्हाला मात्र बँकेचं कर्ज हवं होतं, त्यामुळं तो मार्ग बंद. तरी फसता फसता वाचलो. एके ठिकाणी बोलणी इसारापर्यंत आली होती. ‘एन.ए. आहे ना?’ ‘होय सर, एन.ए.च.’ वकिलानं कागद मागितला तेव्हा कळलं, एन.ए. ‘आहे’ आणि एन.ए. ‘होणार आहे’ यात त्या गृहस्थांना विशेष फरक वाटत नव्हता. नाव लिहीत नाही, अजून रस्त्यात भेटतात, चहा घ्या म्हणतात.

*

आईचं मन हरिपूरवर. तिचं म्हणणं, गावासारखंच हवं तर खरं गाव बघा. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं गाव, जाताना रस्त्याला झाडांची सावली. आणि सांगलीपासून तीन-चार किलोमीटर.

सगळं खरं. हरिपूरची हळदीची पेवंही खरी. जमिनीत खोल खणलेली ही कोठारं, आत हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. सांगलीची हळदपेठ या पेवांच्या जोरावर वाढली. २००५ च्या पुरात पाणी त्यांत शिरलं आणि कित्येक पेवं कायमची गेली. पिढ्यान् पिढ्या कोरडी राहिलेली जागा. आईला एवढंच सांगितलं. तिनं पुन्हा हरिपूरचा विषय काढला नाही, पण संगमावर जायचं सोडलेलंही नाही.

*

जाण्यायेण्याचा वेळ एजंटच्या तोंडून ऐकू नये. ‘दहा मिनिटं’ ही पहाटे चार वाजता, एकट्यानं, स्पीडब्रेकरशिवाय लागणारी मिनिटं असतात.

मी एक आठवडा मामांकडून ऑफिसला जाऊन बघितलं. माझं ऑफिस विश्रामबागेत, बायकोची शाळा मिरजेत, मुलीचा क्लास सांगलीत. हिशेब करताना ध्यानात आलं की आमच्यासारख्या त्रिस्थळी घराला कुपवाड तसं मध्यावर पडतं. दुचाकीवर विश्रामबाग १५ मिनिटं, मिरज २० ते २५, सांगलीचं स्टँड २५. संध्याकाळी सहाला यात दहा मिनिटं मिळवावीत. एसटीच्या शहरी बस आहेत, पण त्यांच्या वेळेवर संसार बांधता येत नाही. उरतं वडाप, म्हणजे प्रवासी भरून निघणारी खासगी गाडी. वडापमध्ये बसलं की अंतर कमी होतं, कारण कोणीतरी ओळखीचं निघतंच.

एक गंमत त्या आठवड्यात दिसली. सकाळी मी कुपवाडहून शहराकडं निघालो की समोरून शहर कुपवाडकडं येत असायचं. डबे हँडलला लावलेल्या मोटारसायकली, सायकली, कंपन्यांच्या गाड्या, सगळे पहिल्या पाळीला. फौंड्री, सूत, यंत्राचे सुटे भाग, बेदाण्याची कोल्ड स्टोअरेज. उपनगर म्हणजे सकाळी रिकामं होणारी आणि रात्री भरणारी वस्ती, अशी आपली पुस्तकी समजूत. इथं सकाळी जेवढे लोक बाहेर पडतात त्याहून जास्त आत येतात, मला तरी तसं दिसलं. म्हणून संध्याकाळी घरी परतताना रस्ता अर्धा मोकळा मिळतो. हा फायदा कुठल्याच एजंटनं सांगितला नाही, त्यांना एमआयडीसीचा उल्लेखच नको असतो.

*

एमआयडीसी. उल्लेख करायलाच हवा.

प्लॉट दिवसा बघू नये. दिवसा सगळेच प्लॉट चांगले असतात. रात्री अकराला जाऊन उभं राहावं. कोणत्या दिशेनं वास येतो, कसला येतो, कुठलं यंत्र रात्रभर घुमतं, ते तेव्हाच कळतं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, थंडीत फिरतो, त्यामुळं जूनमध्ये गोड वाटलेली हवा डिसेंबरात तशीच असेल असं नाही. आम्ही एक चांगला, स्वस्त, चौकोनी प्लॉट एवढ्याच कारणानं सोडला. डोकं धरलं होतं बायकोनं. बोअरचं पाणीही कारखान्यांच्या जवळपास असेल तर तपासून घ्यावं, नुसतं चाखून नव्हे.

*

शहर सोडून जरा बाहेर, मोकळ्या हवेत, ही कल्पना इथं नवी नाही. विलिंग्डन कॉलेज १९१९ साली सांगलीत किंवा मिरजेत न काढता दोन्हींच्या मधल्या रानात काढलं. १९४७ साली वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज त्याच बाजूला आलं. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलचे डॉ. विल्यम वानलेस यांच्या नावाची वानलेसवाडी कुपवाडला लागूनच, तिथं क्षयरोग्यांचं आरोग्यधाम होतं. क्षयावर औषध सापडलं नव्हतं तेव्हा कोरडी हवा आणि ऊन हेच औषध. आज जिल्हाधिकारी कार्यालय विजयनगरला आहे. म्हणजे विद्यार्थी, रोगी आणि साहेब या क्रमानं सांगली नदीपासून दूर सरकत गेली, आम्ही त्यांच्या मागून.

इंग्लंडात एबेनेझर हॉवर्डनं शहर आणि खेडं यांचा संगम घालणाऱ्या उद्याननगरीचा आराखडा १८९८ मध्ये मांडला. आपल्या जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर कारखान्याबरोबर गाव वसवलं, किर्लोस्करवाडी. कुपवाडला ना हॉवर्ड मिळाला ना लक्ष्मणराव. इथं कारखाने आधी आले, घरं जमतील तशी, आणि आराखडा अजून येतोय.

*

राहायला आल्यानंतरच्या नोंदी, तुटक.

दूध समोरच्या गोठ्यातून. आण्णा धार काढून स्वतः आणून देतात. पाणी घालतात का विचारलं तर म्हणाले, ‘मालक, हितं प्यायलाच पाणी दोन दिसांनी येतंय, दुधात कुठनं घालू?’

शेजारी जैन कुटुंब, सूर्यास्तापूर्वी जेवणारं. सातच्या आत त्यांच्या ओट्यावरची भांडी घासून पालथी. आमच्याकडं तेव्हा कांदा चिरायला घेतलेला असतो.

मोर ऐकू येतो. दिसला एकदाच, ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवर.

साप निघाला. गावासारखं वातावरण हवं होतं ना, असं बायको म्हणाली. माझ्याकडं बघून.

मुलीची तक्रार एकच, इथून भेळ खायला जाताना कोणाला तरी गाडी काढावी लागते. गावभागात ती चालत जायची.

औषधाचं दुकान जवळ, रात्री मात्र बंद. मोठ्या दवाखान्याला मिरज आहे, मिरजेच्या जवळ राहणाऱ्यांनी त्याची फार काळजी करू नये.

शाळूच्या रानात परवा फक्की पडली. मधला रस्ता नऊ मीटर ठेवलाय. म्हातारे बांधावर दिसले नाहीत. एजंट दिसला, हात केला त्यानं. त्याच्याबरोबर एक जोडपं होतं आणि त्यातली बाई आमच्या घराच्या पलीकडच्या उरलेल्या हिरव्या पट्ट्याकडं बघत होती, अगदी माझ्या बायकोनं बघितलं होतं तशी.

*

आई जूनपासून रोज सकाळी चहाच्या आधी विचारते, ‘आयर्विनला किती आहे?’ तिला सांगून झालंय की आता आपल्याला त्याचं काही नाही. तरी विचारते. मीही फोन उघडून बघतो.

आज अठरा फूट होतं.