पुढील स्टेशन विठ्ठलवाडी

कल्याणहून कर्जतकडे जाणारी लोकल सुटली की लगेच डब्यात आवाज येतो, पुढील स्टेशन विठ्ठलवाडी. मग उल्हासनगर, मग अंबरनाथ. अंबरनाथचं नाव शिवमंदिराचं. तिथला शिलालेख शके 982चा, म्हणजे इसवी सन 1060चा, शिलाहारांच्या काळातला. वीस वर्षं मी या गाडीने नोकरीला जातो. चौथ्या सीटवर अर्धवट टेकून, बॅग मांडीवर घेऊन. इतर स्टेशनांची नावं कानावरून निघून जातात. विठ्ठलवाडीचं जात नाही. मी ख्रिस्ती आहे, आणि हे नाव ऐकलं की मला आमच्या चाळीतल्या आजी आठवतात.

आजोबा नगर जिल्ह्यातून कल्याणला आले ते रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर म्हणून. दोन खोल्या, सामाईक गॅलरी. पलीकडच्या खोलीत या आजी. गळ्यात तुळशीची माळ, आषाढी-कार्तिकीचा उपास कधी चुकला नाही. दिवेलागणीला त्यांचा हरिपाठ सुरू व्हायचा आणि त्याच सुमारास आमच्याकडे कौटुंबिक प्रार्थना. आई ‘उपासना संगीत’ उघडायची. भिंत पातळ होती. कधी कधी आमचं गीत आणि त्यांचा अभंग एकाच चालीत, एकाच ठेक्यात चाले. सहा-सात वर्षांच्या पोराला त्यातलं कुठलं कुणाचं हे कळायचं नाही, आणि कळायची गरजही वाटायची नाही.

आमच्या घरात येशूचं एक चित्र होतं. अनेक ख्रिस्ती घरांत असतं तेच. येशू बंद दाराशी उभा राहून ठोठावतो आहे. एका नाताळला आजी करंज्यांचं ताट परत द्यायला आल्या, चित्रापुढे थांबल्या आणि म्हणाल्या, “तुमचाही उभाच आहे की रे.” मग तिथेच उंबऱ्यावर बसून त्यांनी मला पुंडलिकाची गोष्ट सांगितली. देव दारात आला, तर हा आईवडिलांचे पाय चेपत होता. उठला नाही. हाताशी वीट होती ती मागे सरकवली आणि थांब म्हणाला. आणि देव थांबला. कमरेवर हात ठेवून, अठ्ठावीस युगं.

रविवारच्या शाळेत आम्हांला उधळ्या पुत्राचा दाखला शिकवत. घर सोडून गेलेल्या पोराची वाट बघणारा, तो दुरून दिसताच धावत सुटणारा बाप. त्या बापाला आणि विटेवरच्या देवाला मी मनात शेजारी शेजारी उभं केलं. एक धावतो, एक थांबतो. फरक मोठा आहे, तो मी पुसत नाही. पण माणसासाठी ताटकळणारा देव मला पहिल्यांदा नीट दिसला तो आजींच्या गोष्टीत.

विठोबाची ही गोडी चोरून जपण्यासारखी नाही, हे मला ना. वा. टिळकांमुळे उमगलं. रेव्हरंड नारायण वामन टिळक आमच्या घरात माहीत होते ते गीतांमुळे. या कवीच्या शाळेची पहिली वर्षं, साधारण 1869 ते 1873, कल्याणात गेली हे मात्र मला कॉलेजात असताना कळलं. ज्या गावात मी वाढलो त्याच गावात करजगावहून आलेला हा चित्पावन मुलगा धुळाक्षरं गिरवत होता! पुढे 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत काय पडली ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. नवरा-बायकोची वर्षानुवर्षांची ताटातूट, नातेवाइकांचा आकांत. म्हणजे टिळकांनी दोन्ही डगरींवर पाय ठेवला नव्हता. ते पूर्णपणे ख्रिस्ताचे झाले. आणि तरीही आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत राहिले. अभंग लिहिले, कीर्तनं केली, अखेरच्या काळात भगवी वस्त्रं घातली. पूल ओलांडल्यावर तो पाडून टाकायचा नसतो, एवढं मी त्यांच्याकडून घेतलं.

असे आणखीही लोक होते. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट निवृत्त झाल्यावर एकनाथ, तुकाराम, महिपती यांचं इंग्रजी भाषांतर करत बसले आणि 1932 साली वारले तेव्हाही ते काम चालूच होतं. फ्रेंच जेझुइट गाय दलरी यांनी विठोबाच्या उपासनेवर लिहिलेला ग्रंथ 1960 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने छापला. ही माणसं समुद्रापलीकडून आली. माझी गोष्ट त्यांच्याइतकी सरळ नाही.

कारण आम्ही महारवाड्यातले. पणजोबांच्या पिढीने बाप्तिस्मा घेतला. मी आजींकडून शिकलेला अभंग एकदा गॅलरीत गुणगुणत होतो, तेव्हा आजोबा पेपर खाली ठेवून म्हणाले, “ज्याच्या देवळाची पायरी आपल्या माणसांना चढू दिली नाही, त्याचं कौतुक तुला कशाला?” त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मला उत्तर सुचलं नाही. पुष्कळ वर्षांनी चोखोबांचे अभंग वाचले आणि दिसलं, की आजोबांचा प्रश्न चोखोबांनी सहाशे-सातशे वर्षांपूर्वी थेट विठ्ठलालाच विचारला होता. दाराबाहेर उभं राहून, त्याच्यावर जीव लावून, त्याच्याशी भांडून. ते दार उघडावं म्हणून मे 1947मध्ये साने गुरुजींना पंढरपुरात दहा दिवस उपोषण करावं लागलं. आजोबा तेव्हा तरुण होते. त्यांचा राग मी चुकीचा ठरवत नाही. तो राग बाजूला सारून केलेलं कौतुक खोटं झालं असतं.

पाच वर्षांपूर्वी पंढरपूरला गेलो. एकटाच. आमच्या मंडळीतल्या पाळकसाहेबांना आधी सांगून गेलो. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “पहिली आज्ञा लक्षात ठेव, आणि तिथल्या माणसांचा मान ठेव.” दोन्ही ठेवले. दर्शनाच्या रांगेत उभा राहिलो नाही. जे भावाने पाय धरायला तासन्‌तास उभे आहेत त्यांच्यामध्ये केवळ बघायला म्हणून घुसणं मला बरं वाटेना. ज्यांना आत जाणं जमत नाही ते वारकरी नामदेव पायरीचं आणि कळसाचं दर्शन घेऊन परततात. ती रीत मला मोकळी होती. महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून ते गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी इथे आणल्या, असं परंपरा सांगते. मी खाली वाकून त्या समाधीला हात लावला. देवळापुढे नाही, पण तिथे माझे डोळे भरून आले. आजोबा बरोबर असते तर तेही इथपर्यंत आले असते, असं मला वाटलं. मग मान वर करून कळस पाहिला. मनात प्रार्थना झाली ती माझीच, लहानपणापासूनची, प्रभूने शिकवलेली.

चाळ पाडली तेव्हा आजी मुलाकडे डोंबिवलीला गेल्या. त्यांच्या नव्वदीत मी भेटायला गेलो, पंढरपूरचं सगळं सांगितलं. आत गेलो नाही हे ऐकून त्या रागावतील अशी धास्ती होती. त्यांनी फक्त विचारलं, “चोखोबाला भेटलास ना?” मी हो म्हटलं. उठून त्यांनी कपाटातून टाळांची जोडी काढली, त्यांच्या सासऱ्यांची, वारीत वाजलेली. घरात आता वाजवणारं कुणी नाही म्हणाल्या.

त्या डिसेंबरात आमच्या मंडळीच्या नाताळ-भजनाला पेटी होती, तबला होता, टाळ कमी पडत होते. मी पिशवीतून ती जोडी काढली. टिळकांचं गीत सुरू झालं. दोरी जुनी होती, म्हणून पहिल्या कडव्याला जपून वाजवली.