शिफारशीच्या सहीची जबाबदारी

‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे’ हा समज आपल्या वस्त्यांतून पक्का बसला आहे. तो खरा नाही. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंतची कैद. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, अशा गुन्ह्यात जन्मठेप झालेल्याने प्रत्यक्ष १४ वर्षे तुरुंगात काढल्याशिवाय त्याला मुदतपूर्व सोडता येत नाही, एवढेच फौजदारी कायदा सांगतो. पॅरोल आणि फर्लो ही तर नुसती रजा. ती संपली की कैद्याला परत जावे लागते.

मुदतपूर्व सुटकेचा विचार एक मंडळ करते. कुठे त्याला शिक्षा पुनर्विलोकन मंडळ म्हणतात, कुठे सल्लागार समिती. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने सुचविलेल्या रचनेत गृह व विधी खात्याचे सचिव, जिल्हा न्यायाधीश, परिविक्षा अधिकारी, पोलीस आणि कारागृह खात्याचे वरिष्ठ असतात. अंतिम निर्णय शासनाचा असला, तरी त्याचा पाया मंडळाची शिफारस हाच असतो.

या सदस्यांचे कर्तव्य काय? सर्वोच्च न्यायालयाने २००० साली लक्ष्मण नस्कर प्रकरणात पाहावयाच्या बाबी सांगितल्या. गुन्ह्याची झळ साऱ्या समाजाला लागली आहे काय? तसा गुन्हा पुन्हा घडण्याचा संभव आहे काय? गुन्हा करण्याची कैद्याची क्षमता उरली आहे काय? त्याला आणखी डांबून काही साधणार आहे काय? आणि त्याच्या कुटुंबाची सामाजिक-आर्थिक स्थिती काय आहे?

आम्ही कारकुनी करणारी माणसे. ‘अहवाल प्रतिकूल’ या दोन शब्दांवर फाईल कशी मिटते, हे आम्हांला ठाऊक आहे. त्या दोन शब्दांमागे कुणाची तरी म्हातारी आई वाट पाहत असते. म्हणून सदस्याने फाईल स्वतः वाचली पाहिजे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबाबत स्पष्ट आदेश दिले. सुटकेचे धोरण असलेल्या राज्यांत कैदी पात्र झाला की त्याने अर्ज केलेला नसला तरी विचार झालाच पाहिजे. निर्णयाची कारणे थोडक्यात नोंदवून ती कैद्याला कळविलीही पाहिजेत. ज्याला अर्ज लिहिता येत नाही, त्या गरिबाला याचा मोठा आधार आहे.

परंतु दया करताना पीडिताला विसरून चालणार नाही. २००२ च्या बिल्किस बानो प्रकरणातील ११ जन्मठेपेच्या कैद्यांना गुजरात शासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये सोडले. खटला मुंबईत चालला होता, म्हणून सुटकेचा अधिकार महाराष्ट्र शासनाचा होता. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. उद्या आपल्याच बहिणीवर अत्याचार करणाऱ्याचे नाव मंडळापुढे येईल, परवा आपल्याच गल्लीतल्या मुलाचे येईल. दोघांसाठी माप एकच हवे. आपल्या माणसापुरता न्याय मागणे हा बाबासाहेबांचा मार्ग नव्हे.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अंगुलिमालाची कथा घेतली आहे. दरोडेखोरही बदलू शकतो, हे तथागतांनी दाखवून दिले. पण भिक्षू झाल्यावरही त्याला लोकांचे दगड खावे लागले, असे पाली सुत्त सांगते. माणूस बदलला तरी ज्याचे घर उजाडले त्याचे दुःख राहतेच. मंडळाच्या सदस्याने या दोन्ही गोष्टी मनात ठेवून सही करावी.

ज्यांचे कुणी आत आहे, त्या कुटुंबांनी १४ वर्षे भरत आली की कारागृह अधीक्षकांकडे लेखी चौकशी करावी. नकार आला तर कारणांची प्रत मागावी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कैद्याला मोफत वकील मिळतो. नकाराला न्यायालयात आव्हान देता येते. कर्ज काढून दलालाच्या हातावर पैसे ठेवू नका.

जयभीम!