कमरेचा सोबती

गेल्या वर्षभरात आमच्या कमरेस असलेली लहानशी काळी डबी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. कोणी तिला मोबाइल समजले, कोणी आणखी काही; आणि आम्हीही कोणाचा गैरसमज दूर करण्याची तसदी घेतली नाही. ते आमचे चुकले. कसे चुकले, हे सांगावे म्हणून हा लेख.

वयाच्या तेराव्या वर्षी आम्हांस मधुमेह जडला. उतारवयात बहुधा होतो तो मधुमेह निराळा. आमच्या प्रकारात स्वादुपिंडातील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा शरीर आपणच नाश करते. गोड खाल्ल्याने तो होत नाही व गोळ्यांनी भागत नाही. इन्शुलिन बाहेरून आणि जन्मभर घ्यावे लागते. १९२२ सालच्या जानेवारीत टोरांटो येथील इस्पितळात लेनर्ड टॉम्प्सन नावाच्या १४ वर्षांच्या मुलास ते प्रथम टोचण्यात आले. तोवर असे मूल उपासाच्या कडक पथ्यावर थोडाच काळ तग धरी; लेनर्ड मात्र पुढे १३ वर्षे जगला. आमच्या नववीतील मुलांएवढाच तो मुलगा! त्याची आठवण आम्हांस वारंवार होते.

आमच्या घरी शीतकपाट नव्हते. आई इन्शुलिनची बाटली ओल्या वाळूतील मडक्यात जपून ठेवी आणि सकाळची प्रार्थना झाली की सुई टोची. पहिल्या दिवशी तिचा हात थरथरत होता. पुढे वसतिगृहात आम्ही स्वतः टोचून घेऊ लागलो. आरंभी दिवसातून दोनदा, मागाहून चारदा. तीस वर्षांचा हिशेब केला तर ही संख्या ३५,००० च्या घरात जाते. सुईचे आम्हांस काही वाटेनासे झाले होते. भय होते ते रात्रीचे. दीर्घकाळ टिकणारे इन्शुलिन एकदा अंगात गेले म्हणजे परत काढता येत नाही. मध्यरात्री साखर एकाएकी उतरे, आणि पहाटे शरीरातील इतर स्रावांमुळे तीच साखर चढे. एके रात्री आम्हांस जागच येईना. पत्नीने हलवून कसेबसे सावध केले व साखरेचे पाणी पाजले. धाकटी मुलगी दारात उभी राहून ते सारे पाहत होती. त्या रात्रीनंतर आम्ही पंप घेण्याचा निश्चय केला.

१९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेतील डॉ. आर्नल्ड कॅडिश ह्यांनी बनविलेला असा पंप पाठीवर बांधण्याएवढा मोठा होता. आमचा खिशात मावतो. त्यात त्वरित काम करणारे इन्शुलिन भरलेले असते. एक बारीक नळी तेथून निघून पोटाच्या कातडीखाली गेलेली असते, आणि तीतून दिवसरात्र थेंबाथेंबाने इन्शुलिन जाते. मध्यरात्री कमी, पहाटे अधिक, असे प्रत्येक तासाचे प्रमाण लावून देता येते. जेवणाच्या वेळी भाकरीत, भातात किती ग्रॅम पिष्ट आहे हे मोजून आपण जादा मात्रा सोडावयाची. दर दोनतीन दिवसांनी कातडीतील नळी बदलावयाची. अलीकडील काही पंप साखर पाहून आपणच प्रमाण थोडेबहुत कमीअधिक करतात. आमचा तसा नाही. पंप देतेवेळी डॉक्टर म्हणाले, “गुरुजी, हा तुमची आज्ञा पाळील, पण तुमच्यासाठी विचार करणार नाही.”

पहिले काही महिने सुखाचे गेले. आम्ही रात्री झोपू लागलो, आणि त्याबरोबर थोडे निष्काळजीही झालो. नाताळच्या गायनाच्या तालमीस दुपारी आम्हांस विलक्षण तहान लागली व डोके जड झाले. रक्त तपासले तो साखर ३८६! पंपातून दोनदा मात्रा सोडली, तरी ती उतरेना. कातडीखालील नळी दुमडली होती. पंपावर असणाऱ्याच्या अंगात दीर्घकाळ टिकणाऱ्या इन्शुलिनचा साठा नसतो. प्रवाह थांबला तर काही तासांतच रक्त आम्लमय होऊ लागते व जिवावर बेतते. अशा वेळेसाठी जवळ ठेवावयाचे इन्शुलिनचे पेन आमच्या घरी राहिले होते.

तोच नववीतील एक मुलगा जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “सर, माझ्याजवळ पेन आहे. मलाही तेच आहे.” आम्ही चकित झालो. तो दोन वर्षे शौचालयात लपून इन्शुलिन टोचून घेत होता! “बाळ, एकाचे पेन दुसऱ्याने वापरू नये,” असे सांगून आम्ही त्यास सायकलवर आमच्या घरी पाठविले. त्याने आमचे पेन आणले, आम्ही इन्शुलिन घेतले, आणि मग डॉक्टरांकडे गेलो. (हा मजकूर त्याच्या व त्याच्या आईच्या अनुमतीने लिहीत आहो.)

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यास विचारले, “मला का सांगितले नाहीस?” तो म्हणाला, “सर, तुम्हीही सांगत नव्हता.” ह्यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. वीस वर्षे आम्ही वर्गात सत्य बोलावे म्हणून शिकवीत आलो. पण ह्या मुलाने आमच्याकडून लपविण्याचाच धडा घेतला होता.

पालकांस आमची विनंती अशी की, मुलास हा विकार असेल तर वर्गशिक्षकांस अवश्य सांगावे. मूल घामाघूम झाले, कापू लागले, भलतेच बोलू लागले, तर त्यास गिळता येत असल्यास लगेच साखर द्यावी; एकटे कोठे पाठवू नये. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तात्काळ इस्पितळात न्यावे. आणखी एक गोष्ट. पंपाची किंमत लाखांच्या घरात आहे. आम्ही ती अजून हप्त्यांनी फेडीत आहो. ज्यांस ती झेपत नाही त्यांनी खंत करू नये. वेळेवर घेतलेल्या सुईनेही मनुष्य नीट जगतो. आम्ही तीस वर्षे जगलो.

दहा कुमारींचा दृष्टांत आम्ही उपासनेच्या तासास कितीदा तरी सांगितला असेल. पाच जणींनी दिव्याबरोबर वेगळे तेल घेतले होते, पाच जणींनी नव्हते. त्या दुपारी आम्ही कोणत्या पाच जणींत होतो, हे सांगावयास नको. आता शिक्षकांच्या खोलीतील कपाटात साखरेचा डबा आहे आणि शीतकपाटात दोन पेने आहेत. एकावर आमचे नाव आहे, दुसऱ्यावर त्या मुलाचे. मधल्या सुटीत तो तेथे येतो, सर्वांदेखत इन्शुलिन घेतो, आणि डबा खाण्यास मित्रांत जाऊन बसतो.