पाचवी डबी

चि. तन्वी,


तू पाठवलेले पाचही फोटो नीट पाहिले. "आत्या, यातलं काय लावू आणि काय टाकून देऊ?" असं विचारलंस, हे फार बरं केलंस. मेडिकलच्या काउंटरवर रोज बघते, गोळ्यांच्या पट्टीवरची एक्स्पायरी माणसं दोनदा तपासतात, पण चेहऱ्याच्या क्रीममागची बारीक अक्षरं क्वचितच कोणी वाचतं. म्हणून ती कशी वाचायची, ते आधी सांगते.

घटकांची यादी मनाला येईल तशी छापलेली नसते. आपल्याकडच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर, कोणत्याही क्रमाने. म्हणूनच बहुतेक याद्या 'अ‍ॅक्वा'ने, म्हणजे पाण्याने सुरू होतात. खोक्यावर केशराचं मोठं चित्र आणि यादीत केशर अगदी तळाशी असेल, तर पैसे चित्राचे दिलेस असं समज.

तुझ्या मॉइश्चरायझरमध्ये वरच ग्लिसरीन आणि पेट्रोलॅटम आहे. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, पेट्रोलॅटम म्हणजे साधं व्हॅसलीन ते उडून जाऊ देत नाही. अंघोळीनंतर त्वचा ओलसर असतानाच लाव.

दुसरी बाटली नायसिनमाइडची, म्हणजे जीवनसत्त्व बी-३. तेलकटपणा आणि डाग यांवर त्याचा उपयोग होतो, पण अभ्यासांत ते बहुतेक २ ते ५ टक्केच वापरलेलं आहे. तुझ्याकडच्या १० टक्क्यांनी फायदा दुप्पट होणार नाही, चुरचुर मात्र होऊ शकते.

तिसरं सॅलिसिलिक अ‍ॅसिड, २ टक्के. ते तेलात विरघळतं, म्हणून तेलाने बुजलेल्या रंध्रांत शिरू शकतं आणि मुरुमांवर चालतं. सुरुवातीला एक दिवसाआड पुरे.

चौथं सनस्क्रीन, आणि या साऱ्यांत मोलाचं तेच. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी किरण अडवतं, ५० सुमारे ९८ टक्के, त्यामुळे मोठ्या आकड्यामागे धावू नकोस. यूव्हीए किरणांसाठी 'पीए'पुढची अधिकची चिन्हं बघ. चेहरा आणि मानेला दोन बोटांवर मावेल इतकं घे, आणि उन्हात असशील तर दर दोन तासांनी पुन्हा लाव. 'परफ्यूम' किंवा 'फ्रॅग्रन्स' लिहिलेलं काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला काही दिवस लावून बघ. सुगंधी द्रव्यांची अ‍ॅलर्जी पुष्कळांना असते. 'नैसर्गिक' या शब्दावरही विसंबू नकोस. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे डाग उरतात.

आता पाचवी डबी. मैत्रिणीने पार्लरमधून आणून दिलेली, आठ दिवसांत उजळ करणारी. तिच्यावर ना घटक, ना उत्पादकाचं नाव, ना बॅच नंबर. अशा डब्यांत पारा सापडलेला आहे. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन तयार होणं पारा रोखतो, म्हणून चेहरा झटपट उजळतो. पण तो त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. केरळमधल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका आजाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यांतल्या १५ जणांत त्या आजाराचा एक विरळा प्रकार आढळला, आणि त्या १५ पैकी १३ जण त्वचा उजळवणारी क्रीम वापरत होते. आपल्या अकोल्यातल्या एका घरातल्या तिघींचीही अशीच बातमी २०२३ मध्ये आली होती.

पारा नसला तर स्टेरॉइड असू शकतं. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल ही चांगली औषधं आहेत, पण डॉक्टरांनी, ठरावीक दिवसांसाठी दिली तर. गोरं होण्यासाठी महिनोन्‌महिने लावली की त्वचा पातळ होते, लाल रेषा दिसू लागतात, लव वाढते, मुरुमं येतात आणि थांबवलं की चेहऱ्याची आग होते. मग पुन्हा तीच डबी हातात घ्यावीशी वाटते.

तू ती लावायला सुरुवात केली असशील तर लपवू नकोस, कोणी रागावणार नाही. डबी फेकू नकोस. ती घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि लघवीची तपासणी करून घे. पायांवर, चेहऱ्यावर सूज किंवा लघवीला फेस दिसत असेल तर त्याच दिवशी जा.

आणि बाळा, सावळा रंग हा काही आजार नाही. त्याला औषध लागत नाही. ज्या डबीवर आत काय आहे ते लिहिलेलं नाही, ती चेहऱ्याला लावायची नाही, एवढं मला कबूल कर. तुझ्या मैत्रिणीलाही हे पत्र वाचायला दे आणि डॉक्टरांकडे जाताना तिलाही सोबत ने.

तुझी,
आत्या