गळती आणि निचरा

पाणी शिरते कोठून आणि टपकते कोठे, ही दोन ठिकाणे सहसा एक नसतात. कौलारू घरात वाढलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. फुटक्या कौलातून आलेला थेंब रिपेवरून वाशावर, वाशावरून भिंतीकडे सरकत जातो आणि भलत्याच खोलीत पडतो. हे जुने ज्ञान आम्हां दोघांना पुन्हा आठवले ते मात्र कोकणात नव्हे, तर मँचेस्टरमध्ये. निमित्त होते २०२३ च्या दिवाळीच्या सुटीचे आणि कापडी टपाच्या एका दोन आसनी मोटारीचे.

मोटार घरातल्या धाकट्याची. आमच्यापैकी एकाचा तो भाऊ, दुसरीचा दीर. १९८९ साली माझदाने शिकागोच्या प्रदर्शनात एमएक्स-५ ही छोटी, उघडी गाडी मांडली. साठच्या दशकातल्या हलक्याफुलक्या ब्रिटिश गाड्यांचा आदर्श तिच्यापुढे होता. धाकट्याची गाडी याच कुळातली, पण वीस वर्षांहून जुनी. पावसाच्या गावात असली गाडी कशाला, असे आम्ही त्याला विचारले नाही. २०२० च्या जूनमध्ये बाबा गेले तेव्हा विमाने बंद होती. त्याने सारे काही फोनच्या पडद्यावर पाहिले. तेव्हापासून त्याला काही विचारणे आम्ही टाळतच आलो होतो. गाडी त्यानंतरची, एवढेच ठाऊक होते.

दार उघडताच कुबट वास आला. पायाखालचा गालिचा पिळला तर पाणी निघावे, इतका भिजलेला. काचांच्या कडांना आणि टपाच्या कोपऱ्यांना त्याने सीलंटचे थरावर थर दिले होते. "दादा, दिसेल ती फट बुजवली. तरी पाणी येतंच," तो म्हणाला.

अशा गाडीची परीक्षा करण्याची रीत साधी आहे. रबरी पट्टी आणि काच यांच्यामध्ये कागदाची चिटोरी धरून दार लावावे आणि ती ओढून पाहावी. ती अडकली तर पट्टी घट्ट, सहज सुटली तर तिथे फट. ही परीक्षा झाली. मग एकाने विजेरी घेऊन आत बसायचे आणि दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी सोडायचे. धार जोराची नको, पावसासारखी हवी, आणि एका वेळी एकच जागा भिजवायची. सगळी गाडी एकदम भिजवली तर काहीच कळत नाही. धाकटा आत बसला. आम्ही दोघे बाहेर, एकाच्या हाती नळी, दुसरीच्या हाती छत्री. दारे झाली, बाजूच्या काचा झाल्या, पुढच्या काचेची वरची कड झाली. आतून दर वेळी "कोरडं" एवढाच शब्द येत होता.

मग कापडाआडून आवाज आला, "बाबा वर असायचे आणि मी खाली काठी घेऊन."

शाकारणीच्या वेळी खालून काठीने कौल हलवून दाखवायचे, म्हणजे वरच्या माणसाला नेमकी जागा कळते. हे काम लहानपणी त्याचे असे.

थोड्या वेळाने त्याने विचारले, "वहिनी, त्या वर्षी शाकारणी कोणी केली?"

कोणीच केली नव्हती. टाळेबंदीत गडी मिळाले नाहीत. बाबा ज्या खोलीत शेवटचे आठ दिवस होते ती गळत होती. त्यांची खाट आम्ही तीनदा हलवली. फोन मात्र असा धरला की चौकटीत कोरडी भिंतच यावी. तो इतक्या दूर. त्याला आणखी त्रास नको, असे तेव्हा वाटले होते. पुढे तीन वर्षे तेच वाटत राहिले. ते सगळे आम्ही त्याला तिथेच, टपाबाहेर उभे राहून सांगितले. आतून बराच वेळ काही आले नाही. मग तो म्हणाला, "मागच्या बाजूला सोडा पाणी."

पाणी तेथूनच येत होते. टपाचे कापड मागे जिथे गाडीच्या अंगाला मिळते, तिथे त्याच्याखाली एक पन्हळ असते. टपावरून ओघळलेले पाणी ती गोळा करते आणि आसनांमागच्या दोन कोपऱ्यांतल्या भोकांत सोडते. तिथून ते नळ्यांवाटे मागच्या चाकांच्या पुढे जमिनीवर पडते. पाणी आत येणार हे गाडी घडवणाऱ्याने मुळातच गृहीत धरले आहे. त्याने सोय केली आहे ती बाहेर जाण्याची. धाकट्याची गाडी वर्षानुवर्षे झाडाखाली उभी राहिली होती. पानांचा कुजून झालेला चिखल दोन्ही भोकांत बसला होता. पन्हळ भरून पाणी आत सांडे आणि गालिच्याखालून दारांखालच्या पोकळीत उतरे. तिथे साचले की पत्रा आतून गंजतो आणि बाहेरून तो बराच काळ धड दिसतो. दोष गाडीचा नव्हता. वरच्या फटी बुजवण्यात गेलेली सारी मेहनत मात्र भलत्याच जागी खर्ची पडली होती.

भोकात ताठ तार खुपसू नये. खालची नळी फाटते किंवा निसटते. आम्ही लवचीक प्लास्टिकची बारीक नळी हलक्या हाताने फिरवली आणि पेल्यापेल्याने कोमट पाणी ओतले. प्रथम काहीच झाले नाही. मग गाडीखाली काळे पाणी पडू लागले आणि बराच वेळ पडत राहिले. धाकटा रस्त्यावर ओणवा होऊन ते पाहत होता.

उरलेली कामे किरकोळ होती. सीलंट खरवडून काढले. रबरी पट्ट्यांना ग्लिसरीन लावले. पेट्रोलियमचे वंगण रबराला फुगवते. टपाचे कापड सौम्य साबणाने धुऊन पूर्ण वाळवले आणि त्यावर पाणी झटकणारे द्रावण लावले. कापडाच्या दोन थरांमध्ये रबर घालण्याच्या युक्तीचे पेटंट ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्ये घेतले. असे टप आजही त्याच तत्त्वावर बनतात. गालिचा वाळायला मात्र चार दिवस लागले.

२०२४ च्या मे महिन्यात धाकटा घरी आला. शाकारणीला तो वर चढला आणि खाली काठी आमच्या हाती होती. जूनमध्ये आम्ही त्याला फोनवर कळवले की माजघरात एक जागा अजून गळते आहे. तो म्हणाला, "कौलं नका बघू, दादा. आधी पन्हळीतला पाला काढा."