मामांचीं कालवें

यकृत निबर झालें म्हणजे माणूस मद्यपी असलाच पाहिजे, असा आपल्या समाजाचा दृढ समज आहे. आमच्या मामांनीं जन्मांत मद्याला स्पर्श केला नाहीं. त्यांच्या यकृताची नासाडी हिपॅटायटिस बी च्या विषाणूनें केली. तरीही 'सिऱ्होसिस' हें नांव घरांत दबक्या आवाजांतच उच्चारलें जाई. वास्तविक लाएनेक या फ्रेंच वैद्यानें १८१९ सालीं तें अशा यकृताच्या पिवळट रंगावरून ग्रीक शब्द घेऊन ठेविलें. त्यांत कलंक मुळींच नाहीं.

मामांचें घर रत्नागिरी जिल्ह्यांतील एका खाडीकांठीं. ओहोटी लागली कीं अनवाणी खडकांवर जावें, कोयतीनें कालवें फोडावीं आणि एखादें तेथेंच कच्चें तोंडांत टाकावें, हा त्यांचा लहानपणापासूनचा परिपाठ. डॉक्टरांनीं तो बंद करावयास सांगितलें, तेव्हां आम्ही हसलों. मद्य वर्ज्य, मीठ कमी, हें आम्हांस समजत होतें. पण कालवानें कोणाचें काय बिघडविलें?

डॉक्टरांनीं समजावून दिलें तें असें. कोमट, निमखाऱ्या पाण्यांत पटकीच्या जंतूचा एक भाऊबंद राहतो. 'व्हिब्रिओ व्हल्निफिकस' हें त्याचें नांव. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील कालवांतही तो आढळला आहे. कच्च्या कालवांतून किंवा पायाच्या जखमेंतून तो शरीरांत शिरतो. धडधाकट माणसास सहसा त्याची मोठी बाधा होत नाहीं, कारण आंतड्यांकडून येणारें रक्त यकृतांत गाळलें जातें. निबर यकृत टाळून मात्र तें रक्त आडवाटेनें शरीरभर जातें. मग एकदोन दिवसांतच ताप चढतो, पायांवर रक्ताळ फोड येतात, आणि रक्तांत जंतु पसरलेल्यांपैकीं निम्म्याच्या आसपास रोगी दगावतात. २००३ मध्यें कॅलिफोर्नियानें मेक्सिकोच्या आखातांतील प्रक्रिया न केलेल्या कच्च्या कालवांची उन्हाळी विक्री रोखली, तेव्हां तेथील असे मृत्यु जवळजवळ थांबले.

रोग विरळा खरा. पण तो ज्यांना निवडून गांठतो, त्यांत मामा होते.

आम्हीं हें त्यांना सांगितलें. ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "दारू न पितां दारुड्याचें पथ्य पाळतोंच आहें, आतां खाडीही सोडूं काय?" यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

हल्लीं ओहोटीला नातू उतरतो, पायांत बूट घालून. मामा बांधावर बसून कोयती कोठें मारावी तें सांगतात. घरीं कालवें चांगलीं शिजवून, मीठ बेतानें घालून त्यांचें तिखलें होतें. मामा तें मिटक्या मारीत खातात, आणि कच्च्याची चव निराळी होती, हें सांगावयास एकदांही विसरत नाहींत.